प्रोसेसरच्या नावातलं एक अक्षर

मागच्या भागात बजेट ठरवलं, आज पार्ट्स निवडूया. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, सुरुवात प्रोसेसरपासूनच करायची. मदरबोर्ड आणि रॅम त्याच्यावरून ठरतात.

नाव नीट वाचा. रायझन ५ ५६००जी आणि रायझन ५ ५६००, सख्खे भाऊ वाटतात. पण 'जी'मध्ये ग्राफिक्स आतच असतं, नुसत्या ५६०० मध्ये नसतं. तो घेतलात तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणारच, नाहीतर पंखे फिरतील, लाइट लागतील आणि स्क्रीन काळी ती काळीच. इंटेलचं उलटं. आय३-१२१०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२१००एफ मध्ये नाही. एफवाला स्वस्त दिसतो, म्हणून हात तिकडेच जातो. अभ्यास, कोडिंग, पिक्चर एवढंच असेल तर माझ्या मते एफ घेऊच नका.

मग रॅम. हे दोन्ही रायझन एएम४ सॉकेटचे, तिथे डीडीआर४ च चालते. डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये मात्र काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. खोका वाचूनच पैसे द्या.

जुना बी४५० बोर्ड स्वस्तात मिळतोय? तो चिपसेट २०१८ चा, हे प्रोसेसर त्यानंतरचे. बायोस जुनं असेल तर पीसी सुरूच होणार नाही. सरळ सांगा, "दादा, बायोस अपडेट करून, पीसी चालू करून दाखवा." खोका उघडल्यावर परत घ्यायला बरेच जण कुरकुर करतात.

आणि हो, कॅबिनेटबरोबर फुकट येणारा बिननावाचा पॉवर सप्लाय नको. पुढच्या भागात त्याच्यावरच बोलू.