बांबूवरची अंडी

पहाटे ५.३०
आष्ट्याजवळचं रान. पूर्वी इथे ऊस होता. पाणी पाजून पाजून जमीन क्षारपड झाली, वर पांढरा थर आला. मग तात्यांनी अर्ध्या एकरात तळं खणलं. आत्ता ते काठावर उकिडवे बसून पाणी बघतायत. एक कटला मासा कुशीवर होतो, बांधाला अंग घासून जातो. पुन्हा येतो, पुन्हा घासतो. "खाजतंय त्येला," तात्या म्हणतात.

सकाळी ७
तात्यांचा भाचा आणि दोन गडी जाळं ओढतात. गड्याची हजेरी पाचशे, वर चहा. पाणी कंबरेपर्यंत, पायाखाली गाळ. एक रोहू ओल्या गोणपाटावर ठेवला. अंगावर हिरवट, चपटे ठिपके. नख लावलं की सरकतात. ही माशाची ऊ, अर्गुलस. नाव उवेचं, कूळ झिंग्या-खेकड्यांचं. भिंगातून दोन काळे डोळे दिसतात, पोहायचे चार जोड पाय दिसतात, चिकटायचे दोन गोल चोषक दिसतात. कातडी टोचून ती रक्त पिते. टोचलं तिथे लाल डाग पडतो, पुढे बुरशी धरते.

एका मृगळाच्या परापाशी दोरा लोंबतोय. तो लर्निया. मादीच मांसात डोकं रोवून बसते. उपटली तर जखम राहते. तो मासा वेगळ्या टबात.

सकाळी ९.३०
आता खरं काम. ऊ माशावर जगते, पण अंडी माशावर घालत नाही. मादी माशाला सोडून पोहत जाते आणि दगड, खुंट, पाइप असं काही कठीण शोधते. तिथे ओळीनं शेकडो अंडी चिकटवते. म्हणून तात्यांनी तिच्यासाठीच तळ्यात बांबू रोवलेत, जुन्या फळ्या टांगल्यात. दर आठवड्याला सगळं बाहेर काढायचं. कोमट पाण्यात अंडी दोन-तीन आठवड्यांत फुटतात, त्याच्या आत. बांबू गाळात घट्ट बसलेला. दोघं तो हलवून हलवून उपसतात. अंगठा फिरवला की खरखर लागते. तीच अंडी. खराट्यानं घासायची, मग बांबू बांधावर कडक उन्हात टाकायचा. वाळलेलं अंडं फुटत नाही. भाच्याच्या तळहाताची सालं निघालीत. तो हाताला फडकं गुंडाळतो आणि पुढचा बांबू धरतो.

दुपारी १
भाकरी, पिठलं, कांदा. औषधाचा विषय निघतो. "औषधानं ऊ मरती, अंडी न्हाई मरत," तात्या सांगतात. "पंधरा दिसांनी परत बाटली." शिवाय पाण्यातले बारीक जीव हे उवेचेच भाऊबंद. तेही औषधानं मरतात, आणि कटल्याचं पोट त्यांच्यावरच असतं.

दुपारी ३
शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा टाकला. जाळं वाळत घातलं. उद्या ते शेजारच्या तळ्यावर भाड्यानं जाणार. ओलं द्यायचं नाही, उवा त्याच्याबरोबर जातात.

संध्याकाळी ६
सांगलीचा बाजार. तात्यांच्या पाटीशेजारी कोकणातून आलेला बांगडा. विकणाऱ्या मावशी कल्ला उचलून दाखवतात. आत पांढरट, जाड किडा. हाही झिंग्या-खेकड्यांच्याच कुळातला, पण खाऱ्या पाण्यातला. आधी तो नर असतो, वाढला की मादी होतो आणि पोटाखालच्या पिशवीत पिल्लं वागवतो. मावशी तो काढून टाकतात आणि बांगडा तोलतात.

तात्यांचा डागाळलेला रोहू किलोमागे वीस रुपये कमी घेऊन जातो. ऊ माणसाला लागत नाही, मासा स्वच्छ करून, शिजवून खुशाल खावा. ज्यांची तळी आहेत त्यांनी मात्र आधी बांबू रोवावेत, बाटली नंतर.