कमी बजेटमध्ये ड्रग टेस्टचं मशीन: आधी नमुना बघा, मग किंमत

दिवाळीत अनारसे खाल्ले आणि नोकरीच्या मेडिकलमध्ये लघवीची पट्टी अफूसाठी पॉझिटिव्ह आली, तर? असं होऊ शकतं. खसखशीत मॉर्फीनचा अंश असू शकतो. याच कारणाने अमेरिकेत सरकारी नोकऱ्यांच्या चाचणीतली ओपिएटची मर्यादा १९९८ मध्ये मिलीलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० करण्यात आली.

पट्टी फक्त संशय सांगते. पक्का निकाल देते ती मास स्पेक्ट्रोमेट्री. हे मशीन रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचं आणि त्यांच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजतं. हेरॉइन घेतलेल्याच्या लघवीत ६-अॅसिटिलमॉर्फीन सापडू शकतं, खसखस खाल्लेल्याच्या नाही. ते शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून ते न सापडणं हा निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. पण सापडलं तर खसखशीचं कारण चालत नाही. मिलीलिटरला १० नॅनोग्रॅमइतकं ते दिसलं पाहिजे. जिल्ह्याच्या गावात लॅब काढणाऱ्याने मशीन निवडताना हेच लक्षात ठेवायचं.

जीसी-एमएस: खिशाला परवडणारं

नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करणारं हे जुनं, भरवशाचं तंत्र. तयार लायब्ररीशी ताडून पदार्थ ओळखता येतो. जप्त केलेली पावडर, गोळ्या यांच्यासाठी बहुतेक वेळा हे पुरेसं असतं. लघवीतही चालतं, पण मॉर्फीन किंवा गांजाचे अंश मोजण्याआधी नमुन्यावर रासायनिक प्रक्रिया करावी लागते. त्यात वेळ जातो आणि हात बसलेला माणूस लागतो.

एलसी-एमएस/एमएस: महाग, पण जास्त बारीक

'ट्रिपल क्वाड' म्हणतात ते हेच. वाफ करायची गरज नाही, बरीच औषधं एकाच फेरीत तपासता येतात. एलएसडी, ब्युप्रेनॉर्फीन, फेंटानिल यांसारखे अगदी कमी प्रमाणात सापडणारे पदार्थ रक्त-लघवीत शोधायचे, तर हेच सोयीचं. मात्र लघवीतले क्षार सिग्नल दाबतात, म्हणून प्रत्येक नमुन्यात ड्युटेरियमयुक्त स्टँडर्ड घालावं लागतं. स्वस्तात मिळतं म्हणून एकेरी क्वाडचं एलसी-एमएस घेऊ नका. पुष्टीच्या चाचणीला ते कमी पडतं.

कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

जीसीला हेलियम लागतो, एलसीला सतत नायट्रोजन, म्हणजे जनरेटर आणि कॉम्प्रेसर आलेच. आतली निर्वात स्थिती दिवसरात्र टिकवायची, म्हणून दमदार यूपीएस आणि एसी हवा. वॉरंटी संपल्यावरचा देखभाल करार, पंपाचं तेल, कॉलम, स्टँडर्ड आणि एनएबीएल मान्यतेचा खर्चही धरा. इंजिनिअर कुठून येणार, पुणे, बेंगळुरू की हैदराबाद, आणि किती दिवसांत, हे लेखी घ्या. सेकंडहँड मशीन घेणार असाल, तर सुटे भाग अजून मिळतात का ते आधी विचारा.

मग घ्यायचं कोणतं?

ठराविक चार-पाच पदार्थ आणि बेताचे नमुने असतील, तर एकेरी क्वाडचं जीसी-एमएस. रोज ढीगभर लघवीचे नमुने असतील, तर ट्रिपल क्वाड. महिन्याला मोजकेच नमुने येत असतील, तर मशीन घेऊच नका. पट्टीवर पॉझिटिव्ह आलेले मान्यताप्राप्त लॅबला पाठवा. पैसे भरण्याआधी आपल्याकडचेच नमुने विक्रेत्याकडून चालवून घ्या. कारण त्या रिपोर्टवर कुणाची तरी नोकरी टिकणार असते, किंवा जाणार असते.