कार्य-विश्लेषण : कामगार आणि काम यांचा मेळ

भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा भट्टीवरील कामगाराच्या कमरेस इजा झाल्यास तो पुन्हा कामावर रुजू होऊ शकेल काय, हे केवळ वैद्यकीय निदानावरून ठरत नाही. त्यासाठी व्यवसायोपचारात 'कार्य-विश्लेषण' केले जाते. भारतात या शास्त्राचे शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांच्या प्रयत्नांतून सुरू झाले.

कार्य-विश्लेषणात किती वजन, किती उंचीपर्यंत, किती वेळा उचलावे लागते. किती वेळ वाकावे व उष्णतेत उभे राहावे लागते, याची नोंद होते. तिची कामगाराच्या क्षमतेशी तुलना केली जाते. आढळलेली तफावत अवजाराची मूठ लांब करून, ओट्याची उंची बदलून किंवा विश्रांतीच्या वेळा ठरवून कमी करणे, हे अर्गोनॉमिक्सचे कार्य होय.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार शासकीय आस्थापनेत, म्हणजेच सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीतही, सेवाकाळात अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास कमी करता येत नाही. पूर्वीचे काम शक्य नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. ते पद कोणते, याचे उत्तर कार्य-विश्लेषणातूनच मिळते.