पदक मिळाल्यानंतरची मरगळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन १९२१ साली सुरू झाली, पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधलं सुमारे ८६ ते ९० किलोमीटरचं डोंगराळ अंतर बारा तासांत पार करायचं असतं. बारा तास भरले की बंदुकीचा बार होतो आणि अंतिम रेषा बंद होते. एका सेकंदाने चुकलेल्यालाही पदक मिळत नाही. भारतातून आता शेकडो धावपटू तिथे जातात आणि त्यांत मुंबई, पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूरकडची मंडळी बरीच असतात.

शर्यत बहुधा जूनमध्ये असते. परतल्यावर पहिला आठवडा कौतुकात जातो. सोसायटीत सत्कार होतो, ऑफिसात पेढे वाटले जातात, फोन थांबत नाहीत. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. पहाटे चारला जाग येते, पण उठून करायचं काहीच नसतं. बुटांकडे बघवत नाही, घरच्यांवर चिडचिड होते, कामात मन लागत नाही. धावणाऱ्यांच्या जगात हा अनुभव इतका सर्रास आहे की त्याविषयी उघड बोललं जात नाही याचंच वाईट वाटतं. बोललं जात नाही, म्हणून गैरसमज टिकून राहतात.

‘ज्याची शर्यत बिघडली, त्यालाच असं होतं’

पुष्कळदा उलटं घडतं. कटऑफ हुकलेल्याच्या दुःखाला कारण असतं. लोक ते समजून घेतात, आणि पुढच्या वर्षीचं काम त्याच्यासमोर स्पष्ट असतं. ज्याने ठरवलेलं सगळं मिळवलं, त्याला मात्र आपल्या उदासीचं कारण सांगता येत नाही. सांगितलंच, तर ‘एवढं मिळालं, तरी रडतोस?’ हे ऐकावं लागतं. मग तो गप्प बसतो.

ऑलिम्पिकच्या इतिहासात सर्वाधिक, म्हणजे २८ पदकं मिळवणारा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याने प्रत्येक ऑलिम्पिकनंतर आपल्याला नैराश्याने गाठलं असं जाहीरपणे सांगितलं आहे. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकनंतर तर जगूच नये असं त्याला वाटत होतं. पुढे त्याने उपचार घेतले आणि तो सावरला. त्याचा आजार गंभीर होता, आणि शर्यतीनंतरची प्रत्येक मरगळ तिथवर जात नाही. पण यशामुळे मन सुरक्षित राहतं, ही समजूत सोडून द्यायला त्याचं उदाहरण पुरेसं आहे.

‘एंडॉर्फिन उतरलं की असं होणारच’

एंडॉर्फिन म्हणजे व्यायाम करताना शरीरात तयार होणारं, बरं वाटायला लावणारं रसायन. हे स्पष्टीकरण इतकं सोपं आहे की सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. २००८मध्ये जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात दोन तास धावल्यानंतर मेंदूतच अशा रसायनांची हालचाल वाढल्याच्या खुणा दिसल्या. २०१५मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या वेगळ्याच रसायनांकडे बोट दाखवलं गेलं. म्हणजे धावताना येणारी धुंदी नेमकी कशी येते, हेच अजून पुरतं उलगडलेलं नाही. शिवाय ती धुंदी काही तासांची असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातल्या उदासीचं खापर तिच्यावर फोडता येत नाही.

शरीराचा वाटा मात्र मोठा आहे. कॉम्रेड्सच्या लांबलचक उतारांवर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात आणि त्यांना सूक्ष्म इजा होतात. त्या इजांच्या खुणा रक्तात पुढे कित्येक दिवस दिसतात. झोप तुटक होते, भूक बिघडते. थकलेल्या शरीराची मरगळ मनाची म्हणूनच जाणवते. त्यात रोजचा व्यायाम अचानक थांबवला की नियमित धावणाऱ्यांची झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते, हेही अभ्यासांत दिसलं आहे.

तरीही माझ्या मते मुख्य गोष्ट आणखी वेगळी आहे. शर्यत बारा तासांची असते. तिच्यासाठी मांडलेलं आयुष्य मात्र कितीतरी महिन्यांचं असतं. काय खायचं, किती वाजता झोपायचं, कोणत्या लग्नाला जायचं नाही, हे सगळं कोचच्या तक्त्याने ठरवलेलं असतं. रविवारी लाँग रन, सोबत तीच चार-सहा माणसं, संपल्यावर टपरीवरचा चहा आणि पोहे, गुडघ्याच्या तक्रारी, एकमेकांची चेष्टा. हे सगळं एका दुपारी संपतं. ग्रुपवरचे मेसेजही आटतात. माणसाचं उद्दिष्ट जातंच, पण त्याची पहाट आणि त्याची माणसंही जातात. उणीव जाणवते ती या रोजच्या जगण्याची.

‘लगेच पुढच्या शर्यतीत नाव घाल, बरं वाटेल’

कॉम्रेड्समध्ये हा मोह फार मोठा असतो, कारण पहिली शर्यत पूर्ण केल्यावर लगेचची पुढची शर्यतही पूर्ण करणाऱ्याला ‘बॅक टू बॅक’ हे वेगळं पदक मिळतं. इकडे परतताच साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचे वेध लागलेले असतात. नाव घालण्यात गैर काही नाही. गैर आहे ते उदासी घालवण्यासाठी न सावरलेल्या पायांवर पुन्हा किलोमीटर चढवणं. धावणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: शर्यतीच्या दर मैलामागे एक दिवस सावकाशीचा. तो काही शास्त्रीय नियम नव्हे, पण कॉम्रेड्सला लावला तर जवळजवळ दोन महिने होतात.

म्हणून दिनक्रम आणि भार या दोन गोष्टी वेगळ्या करा. दिनक्रम लवकर परत आणा, भार उशिरा. त्याच वेळी उठा, त्याच मैदानावर जा, त्याच माणसांना भेटा. पण पहिल्या आठवड्यात फक्त चाला. मग पोहणं, हलकी सायकल, आणि दुखणं पूर्ण गेल्यावर घड्याळ न लावता थोडं धावणं. नवशिक्याला त्याच्या वेगाने सोबत करा, एखाद्या शर्यतीत पाणी वाटायला उभे राहा. स्वतःच्या शर्यतीचा वृत्तांत सविस्तर लिहून काढा, वाटेतल्या इंचांगा टेकडीच्या चढावर काय वाटलं तेही. नाहीतर एवढा मोठा दिवस दोन-चार फोटोंपुरताच उरतो.

‘सुटलास एकदाचा, आता आराम कर’

घरचे हे मायेने म्हणतात. त्यांनीही महिनोन् महिने आपले रविवार दिलेले असतात. त्यांच्यासाठी वेळ काढलाच पाहिजे. फक्त धावणाऱ्याला ही सुटका वाटत नसते, हे त्याने त्यांना स्पष्ट सांगावं. न सांगता धुसफुसत राहिलं की दोघांचंही बिनसतं.

‘आपोआप जातं’

बहुतेकांचं काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतं, हे खरं. पण दोन आठवडे उलटूनही जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडलेली असेल, आपण कुचकामी आहोत असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

थकवा रेंगाळत असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. तयारीच्या काळात पाळी अनियमित झाली किंवा थांबली असेल, तर सरावाच्या मानाने खाणं कमी पडल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांकडे जाताना नुसतं ‘उत्साह वाटत नाही’ एवढं सांगू नका. शर्यत कधी झाली, तयारीत आठवड्याला किती किलोमीटर होत होते, वजन किती उतरलं, वेदनाशामक गोळ्या कोणत्या आणि किती घेतल्या, हे कागदावर लिहून न्या.