चिपटें, पायली आणि टोकनाचे दशांश

तोरण्याच्या परिसरांतील पासलीसारख्या भाताच्या गांवीं ज्यांनीं धान्य मापतांना पाहिलें आहे, त्या वडीलधाऱ्यांस जुन्या मापांचें नातें सांगावयास नको. चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. म्हणजे पायलींत सोळा चिपटीं. आतां एका कणगींत शंभर पायल्या भात आहे असें समजूं. वहींत १०० पायल्या लिहा अथवा १६०० चिपटीं लिहा, कणगींतील दाणाहि वाढत नाहीं कीं घटत नाहीं. परंतु वही चिपट्यांची असून कारकुनानें तींत नुसतें '१००' लिहिलें, तर धन्याच्या नांवावर सहा पायल्या व एक शेर एवढेंच उरेल!

संगणकावर टोकन निर्माण करणाऱ्या नवशिक्यांच्या हातून हीच चूक होते. इथेरियम ही अनेक संगणकांवर एकाच वेळीं ठेवलेली खतावणी होय. तिच्यावरील टोकनांसाठीं ईआरसी-२० नांवाचा नियम २०१५ सालीं सुचविण्यांत आला. त्याप्रमाणें खतावणींत अपूर्णांक मुळींच नसतो. तेथें केवळ चिपटीं मोजलीं जातात. 'दशांश' हा निराळा आंकडा असून, मनुष्यास रक्कम दाखवितांना टिंब कोठें द्यावें एवढेंच तो सांगतो. हा आंकडा बहुधा १८ ठेवतात. तेव्हां एक टोकन म्हणजे एकावर अठरा शून्यें इतकीं चिपटीं. भास्कराचार्यांच्या लीलावतींतील स्थानांचीं नांवें परार्धाशीं, म्हणजे एकावर सतरा शून्यांशीं, थांबतात. येथें दहा परार्ध झाले!

आतां आमच्या विद्यार्थ्यांनीं १००० टोकनें करावयाचें योजिलें, दशांश १८ ठेविले आणि एकूण पुरवठ्याच्या जागीं '१०००' लिहिलें, असें धरूं. पडद्यावर काय दिसेल? शून्य, टिंब, त्यापुढें चौदा शून्यें आणि मग एक. एक अख्खें टोकनहि कोणाच्या वाट्यास येणार नाहीं. हजारावर आणखी अठरा शून्यें लिहिणें अवश्य होतें. दशांश दोनच ठेविले असते तर १,००,००० लिहून काम भागलें असतें. आणि शून्य ठेविले असते तर '१०००' बरोबर ठरलें असतें, मात्र अर्धें टोकन कोणास देतां आलें नसतें. नाटकाच्या तिकिटास तें चालतें, पैशास चालत नाहीं. पुढें फेरफार करण्याची सोय मूळ लेखांत ठेविली नसेल, तर चूक खोडतां येत नाहीं. नवें टोकन काढून जुनें टाकून द्या असें प्रत्येक धारकास विनवावें लागतें.

पालकांस येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. २०२० सालीं निघालेल्या शिबा इनू या टोकनाचा आरंभींचा पुरवठा एकावर पंधरा शून्यें इतका होता. अशा टोकनांचीं हजारों नगें थोड्या रुपयांत मिळालीं म्हणून कोणी श्रीमंत होत नाहीं. एकूणांतील आपला हिस्सा किती, हें पाहावें लागतें. बिटकॉइनाची मर्यादा सुमारें २ कोटी १० लाख अशी ऐकूं येते. पण त्याचीहि खतावणी सातोशींत चालते, आणि एका बिटकॉइनाचे सातोशी १० कोटी असतात.

मोजण्याचें लहान माप बदलण्याचा अनुभव आपल्या देशानेंहि घेतला आहे. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० नवे पैसे आले. रुपया होता तोच राहिला. ज्याच्याजवळ जुने ६४ पैसे होते, त्यास '६४ नवे पैसे' म्हणून कोणी हिशेब चुकता केला असता, तर ३६ नवे पैसे बुडाले असते. आण्याचें मात्र नीट जमेना. त्याचे सव्वासहा नवे पैसे होत आणि पाव पैशाचें नाणें नव्हतें. म्हणून एका आण्यास सहा व चार आण्यांस पंचवीस असा भाव ठरला. त्यामुळें जो चार वेळां एकेक आणा देई त्याचे चोवीस जात, आणि जो एकदम चार आणे देई त्याचे पंचवीस.