प्रोजेक्टआधी भरायचा तक्ता

प्रॅक्टिकलला मशीन ठरलेलं असतं, जर्नलमधली कृती ठरलेली असते आणि शेजारी लॅब असिस्टंट उभा असतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला यातलं काहीच नसतं. विद्यार्थी अशी वस्तू बनवत असतात जी आधी कुणी चालवून पाहिलेली नाही, म्हणून तिच्यातले धोकेही त्यांनाच शोधावे लागतात. जोखीम मूल्यमापनाचा तक्ता त्यासाठी असतो. सबमिशनच्या आठवड्यात तो सहीपुरता भरला, तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

तक्ता केव्हा, कुणी

डिझाइन कागदावर असतानाच भरायचा. सामान आलं, वेल्डिंग झालं, की बदल कुणालाच नको असतो. ग्रुपमधल्या सगळ्यांनी मशीनसमोर उभं राहून चर्चा करावी आणि वर्कशॉपमधल्या जुन्या इन्स्ट्रक्टरांना सोबत घ्यावं. कोणत्या लेथचा चक नीट धरत नाही, कोणत्या बोर्डाच्या अर्थिंगचा भरवसा नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. गाइडची सही सगळ्यात शेवटी.

रकाने साधेच असतात: काम, धोका, इजा कुणाला, शक्यता 1 ते 5, तीव्रता 1 ते 5, दोन्हींचा गुणाकार, उपाय, आणि उपायानंतर उरलेली जोखीम. माझ्या मते आकड्यांच्या फार नादी लागू नये. जीव जाण्याची किंवा कायमचं अपंगत्व येण्याची शक्यता असेल, तर गुणाकार कितीही लहान येवो, त्या ओळीवर थांबायचंच.

एक ओळ नीट भरून पाहू

इलेक्ट्रिक सायकलचा 48 व्होल्टचा बॅटरी पॅक घेऊ. लिथियम-आयनचे 13 सेल सिरीजमध्ये. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी 4.2, म्हणजे एकूण 54.6 व्होल्ट. ‘आग लागू शकते, काळजी घ्यावी’ असं लिहिलं की रकाना भरतो, पण काम काहीच होत नाही. आग नेमकी कोणत्या क्षणी लागेल, हे विचारायला हवं.

निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड करताना हातातलं कडं किंवा पक्कड दोन टोकांना टेकली, तर तिथल्या तिथे शॉर्ट होतो. जोडलेले सेल बंद करायला स्विच नसतो. व्होल्टेज सतत हजर असतं. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल कमी-अधिक क्षमतेचे निघतात आणि दुबळा सेल इतरांच्या आधी जादा चार्ज होऊ शकतो. त्यात चार्जर चुकीचा असला, बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) बिघडलेली असली आणि ग्रुप पॅक चार्जिंगला लावून कँटीनला गेला, तर आगीला आणखी काही लागत नाही. एक सेल अनावर तापला की शेजारच्याला तापवतो. बाहेर पडणारा वायू पेट घेणारा असतो आणि विषारीही. त्यात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो.

आता उपायाचा रकाना आपोआप भरतो. एकाच बॅचचे नवे सेल, पॅकच्या टोकालगत फ्यूज, उघड्या टोकांवर कॅप्टॉन टेप, अंगठी-कडं काढून काम, चार्जिंग मोकळ्या जागी आणि कुणीतरी समोर असतानाच. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने ज्वाळा विझते, पण सेल थंड होत नाही आणि आग पुन्हा भडकते. थंड करायला भरपूर पाणी लागतं. धूर दिसताच खोली रिकामी करून अग्निशमन दलाला बोलवायचं. आणखी एक प्रश्न मात्र या सगळ्याच्या आधी विचारायचा: प्रोजेक्ट मोटर कंट्रोलरवर असेल, तर पॅक स्वतः बांधायचाच कशाला? प्रमाणित पॅक विकत मिळतो.

हातमोजे सगळ्यात शेवटी

उपायांना क्रम असतो. आधी धोका मुळातूनच काढायचा. ते जमत नसेल तर कमी धोक्याचा पर्याय. मग गार्ड, जाळी, इंटरलॉक. मग नियम आणि प्रशिक्षण. गॉगल, हातमोजे सर्वांत खाली. हा क्रम उलटा केला की काय होतं ते लेथवर दिसतं. तिथे हातमोजे हाच धोका आहे: फिरत्या चकमध्ये मोजा अडकला की हात त्याच्यामागून जातो. ओढणी, मोकळे केस, मनगटावरची राखी, आयकार्डची रिबन, सगळ्यांचं तेच. गळ्यात आयकार्ड घालणं कॉलेजात सक्तीचं असेल, तर मशीनसमोर ते काढणंही सक्तीचं हवं.

एप्रिल 2011 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रात्री उशिरा वर्कशॉपमध्ये लेथवर एकटीच काम करत होती. केस अडकून तिचा जीव गेला. लेथला आवश्यक ती संरक्षक व्यवस्था नव्हती, असं तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने नंतर विद्यापीठाला कळवलं. सबमिशन तोंडावर आल्यावर रात्र जागवणं आपल्याकडेही नवं नाही. जागवायचीच असेल तर ड्रॉइंग आणि रिपोर्टवर जागवा. मशीन, हाय व्होल्टेज आणि दाबाखालच्या टाक्या यांचं काम दिवसा, दुसरं माणूस हाकेच्या अंतरावर असताना.

आकार बदलला की तक्ता नव्याने

जानेवारी 2010 मध्ये टेक्सास टेक विद्यापीठात एका स्फोटक संयुगाची मर्यादा 100 मिलिग्रॅम होती, पण ती तोंडी सांगितलेली. विद्यार्थ्यांनी सुमारे 10 ग्रॅम बनवलं. खलात चुरताना स्फोट झाला; एकाने तीन बोटं गमावली आणि त्याच्या डोळ्यालाही इजा झाली. मर्यादा लेखी असायला हवी, आणि ती ओलांडण्याआधी तक्ता पुन्हा उघडायला हवा. 12 व्होल्टचं मॉडेल 48 व्होल्टवर नेलं, 2 बारची टाकी 8 बारला तपासायचं ठरलं, की ते नवं काम समजायचं. टाकीची दाबचाचणी हवेने करू नये, पाण्याने करावी. दाबलेल्या हवेत प्रचंड ऊर्जा साठते आणि टाकी फुटली की तिचे तुकडे उडतात. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी दाब झटकन उतरतो.

थोडक्यात बचावलो, तेही लिहा

16 मार्च 2016 रोजी होनोलुलूच्या हवाई विद्यापीठात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण भरलेली 49 लिटरची टाकी फुटली आणि एका संशोधिकेने हात गमावला. त्याआधी तसल्याच लहान टाकीत छोटा स्फोट झाला होता, तरीही काम थांबलं नाही. फ्यूज उडाला, वायर गरम लागली, चक की चकमध्येच राहिली आणि कुणाच्या तरी लक्षात आली, अशी प्रत्येक गोष्ट तारखेसह वहीत हवी. गाइडनेही ती रागावण्याचं निमित्त करू नये. एकदा बोलणी बसली की पुढच्या वेळी कुणी सांगायला येत नाही.

काही झालंच तर

शॉक बसलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद. भाजलं तर 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली; टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही नको. मग 108 किंवा 112. फोनवर नुसतं कॉलेजचं नाव सांगून भागत नाही: इमारत कोणती, मजला कोणता, गाडीने कोणत्या गेटने यायचं हे लॅबच्या दाराशी मोठ्या अक्षरांत लावलेलं हवं. आणि फोन लागला की एकाने धावत त्या गेटवर जाऊन थांबायचं.