निर्मनुष्य पॅरिस

युजेन आत्जे या फ्रेंच छायाचित्रकाराची चित्रे प्रथमच पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हटकून येतो : या शहरातली माणसे गेली तरी कुठे? दगडी गल्ल्या आहेत, पावलांनी झिजलेले जिने आहेत, दुकानांच्या पाट्या आहेत. पण चिटपाखरू म्हणून दिसत नाही. पाहता पाहता एक हुरहूर लागते. ज्या गावी आपण कधी गेलो नाही, त्या गावासाठी ही हुरहूर का वाटावी?

आधी थोडा हिशेब कारागिरीचा. आत्जेचा जन्म 1857 चा. लहानपणीच पोरका झालेला हा मुलगा आधी खलाशी झाला, मग फिरत्या नाटक मंडळीत नट. दोन्ही धंदे साधले नाहीत, तेव्हा त्याने कॅमेरा धरला. स्वतःला तो कलावंत म्हणवीत नसे. चित्रकारांना, नेपथ्यकारांना, संग्रहालयांना लागणारे 'दस्तऐवज' विकणे हा त्याचा उद्योग. 1853 ते 1870 या काळात ओस्मानने जुने पॅरिस पाडून रुंद रस्ते काढले होते. त्यातून जे उरले ते आत्जे टिपत सुटला. कॅमेरा लाकडी पेटीचा, तिवईवरचा. काचा 18 बाय 24 सेंटिमीटरच्या. एकेका चित्राला काही सेकंद, कधी त्याहून अधिक वेळ लागे. एवढ्यात चालता माणूस काचेवर उमटतच नाही, किंवा धुराच्या पट्ट्यासारखा पुसट उमटतो. शिवाय तो बहुधा भल्या पहाटे निघे. म्हणजे गल्ल्या ओस दिसतात त्याला निम्मे कारण रसायन, निम्मे घड्याळ! काही चित्रांचे वरचे कोपरे काळवंडलेले दिसतात, तेही भिंग प्रमाणाबाहेर वर सरकवल्यामुळे. आम्ही मात्र बरेच दिवस त्यात विषाद शोधत बसलो होतो.

मग हुरहूर खोटी म्हणावी काय? आम्हाला तसे वाटत नाही. जिला युरोपीय लोक नॉस्टॅल्जिया म्हणतात ती मुळात वैद्यकातली संज्ञा. 1688 साली योहानेस होफर या वैद्याने घरची ओढ लागून झुरणाऱ्या स्विस लोकांच्या दुखण्याला ते नाव दिले : ग्रीकमधले घरी परतणे अधिक वेदना. आपण मराठीत 'स्मरणरंजन' म्हणतो, त्यात वेदना गळून रंजन तेवढे उरले. आत्जेच्या चित्रांत रंजन फारसे नाही. गोड आठवणीला माणसे लागतात, जत्रा लागते. इथे फक्त जागा आहे. तिच्यात आपण आपापली माणसे आणून बसवतो. वॉल्टर बेंजामिन या जर्मन टीकाकाराला तर या गल्ल्या गुन्हा घडून गेलेल्या जागेसारख्या वाटल्या. पंचनाम्याच्या चित्रातही रिकामी जागाच असते, आणि ती पाहणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही.

1920 साली आत्जेने दोन हजार सहाशेंहून अधिक काचा दहा हजार फ्रँकांना सरकारला विकल्या, आणि सगळे जुने पॅरिस आपल्यापाशी आहे असे कळवले. त्यात दर्प होता, पण तो खोटा नव्हता. 1925 च्या वसंतात, अडुसष्टीला टेकलेला असताना, तो गावाबाहेरच्या सो येथील उजाड उद्यानात पुन्हा पुन्हा गेला. काही चित्रांच्या नोंदीत सकाळचे सात ही वेळ आहे. शेवाळलेले पुतळे, पाणी साचलेली तळी, निष्पर्ण झाडे. गिऱ्हाईक कोण होते याचा इथे पत्ता लागत नाही. दस्तऐवज विकणारा माणूस इथे स्वतःसाठी उभा होता, असे आम्ही समजतो.

1927 साली बेरेनिस ॲबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकर्तीने त्याची स्वतःची छबी घेतली. ती दाखवायला ती गेली, तेव्हा आत्जे वारला होता. उरलेल्या काचा तिने पुढच्या वर्षी मिळवल्या, चाळीस वर्षे सांभाळल्या, आणि 1968 साली त्या न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेल्या.